सरसाचा सांधा

कल्याण मागे पडले की कर्जतकडे जाणारी लोकल थोडी सैलावते. विठ्ठलवाडी येते आणि पाठोपाठ उल्हासनगर. रुळांच्या बाजूने वाहणारी वालधुनी पाहून कोणाला ‘उल्हास’ हा शब्द सुचेल, तर तो मनुष्य एक तर कवी असला पाहिजे, नाहीतर गव्हर्नर-जनरल. आणि झालेही तसेच! ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीची कोनशिला बसविली आणि तिला उल्हासनगर हे नाव दिले. उल्हास नदी जवळूनच वाहते, तेव्हा नाव अगदीच आकाशातून पडले असे म्हणता येणार नाही. पण त्या दिवशी ज्यांच्या कानांवर ते पडले असेल, ती माणसे गोणपाटाचे पडदे लावून एकेका बराकीत कितीतरी बिऱ्हाडे करून राहात होती. सिंधमधले घर, दुकान, आंबराई सोडून बोटीने मुंबईच्या धक्क्याला उतरलेली ती माणसे. त्यांना या नावाचे हसू आले, की रडू, कोण जाणे!

त्याआधी इथे होती कल्याणची लष्करी छावणी. दुसऱ्या महायुद्धात पलटणी यायच्या, चार दिवस राहायच्या आणि पुढे जायच्या. छावणीचे पाच भाग, त्यांना पाच आकडे. लष्कराला नावाची हौस नसते, आकडा पुरतो. मौज अशी की लष्कर गेले, निर्वासित आले, नगरपालिका आली, १९९६ मध्ये महानगरपालिकाही झाली, तरी आकडे काही गेले नाहीत. आजही माणूस पत्ता सांगतो तो ‘कॅम्प नंबर तीन’ असाच. एखाद्या गावाने आपल्या तात्पुरतेपणाचे नाव इतक्या कायमचे अंगाला लावून घेतल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

युद्धाची दुसरी खूण इथून फार लांब नाही. हाजीमलंगच्या वाटेवर नेवाळी गाव आहे. तिथे ब्रिटिशांनी शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन विमानांसाठी धावपट्टी केली. युद्ध संपले, धावपट्टीवर गवत वाढले, आणि त्या जमिनी कोणाच्या हा प्रश्न मात्र जिवंत राहिला. २०१७ च्या जून महिन्यात तिथे मोठे आंदोलन झाले, त्याला हिंसक वळण लागले. वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना ते आठवत असेल. माझा आजचा विषय तो नव्हे. पण विमान ही वस्तू या परिसराला अगदीच परकी नाही, एवढे सांगून ठेवतो. कारण मी निघालो होतो कपाट घ्यायला, आणि माझ्याबरोबर होते मामा.

मामांच्या नातीचे लग्न ठरले होते आणि तिला कपाट व पलंग मामांनीच द्यायचा, असा त्यांचा हट्ट होता. वय अठ्ठ्याहत्तर, चष्म्याला दोरी, खिशात बॅटरी आणि एक भिंग. नोकरीची सारी वर्षे त्यांनी ग्लायडरांच्या कार्यशाळेत काढली. आधी सुतार म्हणून, मग तपासनीस म्हणून. कोणत्या कार्यशाळेत, ते लिहायचे नाही असे त्यांनी मला बजावले आहे. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचे विमान. वर ओढून न्यायचे, सोडून द्यायचे आणि मग घारीसारखे हवेच्या आधाराने उतरत, तरंगत राहायचे. मामांच्या तरुणपणी आपल्याकडची बहुतेक ग्लायडरे लाकडाची असत.

उल्हासनगर स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला ‘फर्निचर बाजार’ एवढे दोन शब्द पुरतात. बाजार म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानांची रांग. पुढच्या बाजूला आरशाची कपाटे, नक्षीदार पलंग, पाय वाकवलेल्या खुर्च्या. मागच्या बाजूला, आणि पुष्कळदा माळ्यावर, रंधा आणि करवत. नाकात भुसा, व्हार्निश आणि सरस यांचा मिळून एक वास बसतो तो घरी जाईपर्यंत निघत नाही. मुंबई-ठाण्याच्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांचा संसार या वासातून गेलेला आहे.

आम्ही ज्या दुकानात शिरलो त्याचा मालक तिशीचा तरुण. त्याचे आजोबा सिंधमधून आले तेव्हा त्यांना बराकीचा अर्धा भाग मिळाला होता, आणि पहिले बाकडे त्यांनी खोक्यांच्या फळ्यांचे केले होते, असे त्याने आपण होऊन सांगितले. “आइए साईं, देखिए, एकदम मजबूत,” असे म्हणत त्याने एका कपाटावर थाप मारली. मामांनी कान टवकारले. मग त्यांनी खिशातून रुपयाचे नाणे काढले आणि कपाटाच्या पाठीवर, कडेने, एकेक इंचावर टकटक करीत निघाले.

“काय शोधताय मामा?” मी विचारले.

“आवाज,” ते म्हणाले. “घट्ट सांधा खणखणीत बोलतो. सुटलेला सांधा बद्द बोलतो. कान असेल त्याला कळते.”

बाजारात एवढी वर्दळ, वर करवतीची किरकिर, आणि हे गृहस्थ डोळे मिटून कपाटाशी बोलत होते! दुकानदाराने माझ्याकडे पाहिले. मी खांदे उडवले. त्या दुपारी मामांच्या तोंडून जे ऐकले, त्यातले काही पुढे देतो. घरात लाकडी सामान असलेल्या कोणालाही ते कंटाळवाणे वाटू नये.

विमान लाकडाचे असते हे ऐकून आज आपल्याला हसू येते. पण लाकूड ही मोठी सुरेख वस्तू आहे. वजनाच्या मानाने त्याची ताकद भरपूर. आणि पत्रा वारंवार वाकला की थकतो, तसे लाकूड सहजी थकत नाही. त्याला एकच शत्रू, पाणी. विमानाच्या लाकडात आठ ते बारा टक्के ओल असावी; ती वीसच्या वर गेली की बुरशीला आमंत्रण. शिवाय लाकूड ओलीने फुगते आणि उन्हाने आकसते ते आडवे. उभ्या शिरांच्या दिशेने ते जवळजवळ हलतच नाही. म्हणूनच प्लायवूड करतात, एकावर एक पातळ पापुद्रे, एकाच्या शिरा उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे प्रत्येकजण शेजाऱ्याला आवरून धरतो. (पापुद्रे काढण्याची युक्ती या भागाला नवी नव्हती. पुढच्याच स्टेशनावर, अंबरनाथला, विमकोचा आगपेट्यांचा कारखाना होता. ओंडका यंत्रावर फिरवून तो कागदाच्या गुंडाळीसारखा उलगडायचा आणि त्याच्या काड्या पाडायच्या. प्लायवूडचा जन्मही त्याच पात्याखाली होतो.)

आता पंखाची मुख्य तुळई एका लाकडाची, बरगड्या दुसऱ्या, वरचे आच्छादन प्लायचे. प्रत्येकाची फुगण्या-आकसण्याची तऱ्हा निराळी. ती सारी एकत्र धरून ठेवतो तो सरस. मराठीत हा शब्द दोन अर्थांचा आहे, आणि भाषा शिकविणाऱ्याला त्यावर कोटी केल्याशिवाय राहवत नाही: विमान सरस व्हायचे तर आधी सरस सरस हवा. मामांना कोटी आवडली नाही.

“जुना सरस दुधाचा असे,” ते म्हणाले. “मलई काढलेल्या दुधातला चोथा, त्यात चुना. केसीन म्हणायचे त्याला. कोरड्या देशात उत्तम. पण दुधाचाच पदार्थ तो! ओल लागली की नासायचाच. बुरशी त्याला लोण्यासारखी खाते.”

१९३१ च्या ३१ मार्चला अमेरिकेत कान्सास राज्यात एक फोकर विमान हवेतच मोडले. त्यात फुटबॉलचा गाजलेला शिक्षक नूट रॉक्नी होता, म्हणून साऱ्या देशात हाहाकार झाला. एकूण आठ माणसे गेली. त्या विमानाचा पंख लाकडी होता, आणि आत शिरलेल्या ओलीने सरसाचे सांधे सुटले होते. बाहेरून पाहणाऱ्याला काहीही दिसले नसते. प्रवासी विमानांतून लाकूड हद्दपार व्हायला ही घटना पुष्कळ अंशी कारण झाली.

पण लाकूड परत आले, तेही युद्धात आणि मोठ्या डौलाने. इंग्लंडमध्ये द हॅविलँड कंपनीने ‘मॉस्किटो’ नावाचे लढाऊ विमान केले. २५ नोव्हेंबर १९४० रोजी ते प्रथम उडाले आणि पुढे अशी सात हजारांहून अधिक विमाने झाली. बर्च लाकडाच्या दोन प्लायच्या मधे बाल्सा या अतिहलक्या लाकडाचा थर; धड दोन भागांत, भुईमुगाच्या टरफलासारखे, साच्यावर घडवायचे आणि मग दोन्ही भाग चिकटवायचे. धातूची टंचाई, पण सुतार रिकामे. तेव्हा फर्निचर करणारे, पियानो करणारे कारखाने या कामाला लागले. हाय वायकूम म्हणून एक गाव आहे, पिढ्यान्‌पिढ्या खुर्च्या करणारे. त्या खुर्चीवाल्यांनी विमानांचे भाग केले. इकडे लष्कराच्या छावणीतून फर्निचरचा बाजार निघाला, आणि तिकडे फर्निचरच्या बाजारातून लष्कराचे विमान निघाले. इतिहासाला अशा गमती करण्याची खोड आहे.

हे मॉस्किटो हिंदुस्थानात आले आणि इथल्या पावसाळ्याशी त्याची गाठ पडली. १९४४ मध्ये काही विमाने हवेत मोडली, वैमानिक मेले, आणि नोव्हेंबरात या आघाडीवरची मॉस्किटो विमाने उड्डाणाला बंद केली गेली. कंपनीच्या संस्थापकांचे बंधू मेजर हेरवर्ड द हॅविलँड स्वतः चौकशीला आले. डिसेंबरात त्यांचा अहवाल झाला: सरस वाईट नव्हता, ओल्या हवेत लाकूड आकसले-फुगले म्हणून हे घडले. म्हणजे दोष आपल्या पावसाचा! पण पुढे इंग्लंडमध्ये अधिक खोल तपासणी झाली तेव्हा निराळेच निघाले. मुळात बांधणीतच सांधे नीट बसले नव्हते. फळी आणि तुळई यांच्यात जिथे गच्च भेट व्हायला हवी तिथे ती झालीच नव्हती. मग पंखाच्या पुढच्या तुळईवर, सांध्याच्या रेषेवरून, प्लायची एक जादा पट्टी चिकटविण्याची सुधारणा करण्यात आली. हवामान बिचारे बोलत नाही, म्हणून त्याच्यावर ढकलणे सोपे असते.

“मग तुम्ही तपासायचे कसे? आत तर दिसत नाही,” मी म्हणालो.

“आधी नाकाने,” मामा म्हणाले. “पंखाचे झाकण उघडल्याबरोबर, वारा आत शिरायच्या आधी, नाक घालायचे. कुबट वास आला की समजावे. मग खालच्या कडेची पाण्याची भोके पाहायची; ती चिखलाने बुजली असतील तर पाणी आतच. मग बॅटरी.” त्यांनी खिशातली बॅटरी काढून पलंगाच्या फळीवर अगदी आडवी, फळीला चिकटवून धरली. “उजेड असा तिरपा टाकायचा. ग्लायडर जोरात आपटले असेल तर तुळईला शिरांच्या आडवी एक बारीक सुरकुती पडते. केसाएवढी. समोरून उजेड टाकलात तर दिसणार नाही. माझ्या कपाळावर आडव्या सुरकुत्या किती आहेत मोज. मी अजून चालतोय. पण लाकडाला एक आडवी सुरकुती म्हणजे ती तुळई गेली.”

दुरुस्तीचे त्यांचे शास्त्र तर फारच कडक. प्लायला भोक पडले तर नुसते ठिगळ चालत नाही. भोकाच्या कडा उतरत्या तासायच्या, ठिगळाच्याही तशाच, आणि उतरत्यावर उतरती बसवायची. उतार किती? जाडीच्या बारापट. म्हणजे तीन मिलिमीटरच्या प्लायला छत्तीस मिलिमीटर रुंदीचा उतार! तो हाताने, धारदार रंध्याने काढायचा. सरस लावण्याआधी पॉलिशपेपर घासायचा नाही. त्याची पूड लाकडाच्या रंध्रांत बसते आणि सरसाला पकडायला जागा राहात नाही. आणि प्रत्येक वेळी, त्याच कालवलेल्या सरसाने, दोन निरुपयोगी तुकडे चिकटवून बाजूला ठेवायचे. वाळले की ते मोडायचे. लाकूड फाटले तर सांधा चांगला. दोन तुकडे स्वच्छ वेगळे झाले, सरसावर लाकडाचा एक धागाही चिकटला नाही, तर सारे काम उकलून पुन्हा करायचे.

हे ऐकता ऐकता माझ्या मनात दुसरेच विमान आले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला उतरले आणि जुहूला पोचले. ते ‘पस मॉथ’ होते. धड लोखंडी नळ्यांचे, पण पंख लाकडी, वर कापड. तोच प्रवास त्यांनी १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा केला तो ‘लेपर्ड मॉथ’मधून, आणि त्याचे तर धडही प्लायवूडचे. जवळजवळ अर्ध्या शतकाचे लाकूड! त्या आधी कोणीतरी त्याच्या पोटात बॅटरी घेऊन शिरले असेल, वास घेतला असेल, टकटक केली असेल. वैमानिकाचे नाव आपल्याला पाठ आहे. कराची ते मुंबई. १९३२ साली त्या वाटेने पत्रे आली. पंधरा वर्षांनी त्याच वाटेने, समुद्रावरून, माणसे आली आणि कॅम्प नंबर तीनमध्ये उतरली.

पुण्याजवळ हडपसरला सरकारी ग्लायडिंग केंद्राच्या मैदानावर आपल्याकडेच आखलेली ग्लायडरे उडत. त्यांना नावे नक्षत्रांची: १९५८ मध्ये ‘अश्विनी’, १९६१ मध्ये ‘रोहिणी’. नाव ठेवणारा रसिक असला पाहिजे. रोहिणीत गुरू आणि शिष्य शेजारी शेजारी बसत. एनसीसीची कितीतरी मुले आयुष्यात पहिल्यांदा जमिनीवरून उचलली गेली ती या लाकडी नक्षत्रातून.

अशाच एका दोघांच्या ग्लायडरची हकिकत मामांनी दुकानातल्या पलंगावर बसून सांगितली. दसरा होऊन गेला होता. लांबलांबून मुले शिबिराला आली होती. पावसाळ्यात छप्पर गळले होते, आणि एका ग्लायडरच्या पंखाचे भोक बुजलेले मामांना आढळले. तारेने मोकळे केल्यावर चार थेंब पाणी खाली पडले. चारच. वरून पंख स्वच्छ, टकटक खणखणीत, वासही नाही. वरिष्ठ म्हणाले, सही करा. मामा म्हणाले, तुळईच्या मुळाशी माझा हातही पोचत नाही आणि उजेडही पोचत नाही. कापड फाडून पाहिल्याशिवाय सही करणार नाही. कापड फाडणे म्हणजे पुन्हा शिवणे, ताणणे, डोपचे हात देणे, शिबिर बुडाले. मुले परत गेली. त्यांतल्या एकाचे ते शेवटचे वर्ष होते, पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हता. तो जाताना मामांच्या टेबलापाशी आला, काही बोलला नाही, सलाम करून गेला.

“मग? आत काय निघाले?” मी विचारले.

“काही नाही. तुळई हाडासारखी कोरडी होती.”

मी गप्प बसलो. दुकानदारही आता ऐकत होता.

“वरिष्ठ चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. त्या पोराचा चेहरा मला अजून दिसतो,” मामा म्हणाले. “पण ती कोरडी आहे हे फाडल्यावर कळले ना? सही आधी मागत होते.”

“तसेच पुन्हा घडले असते तर?”

“पुन्हा घडले. दोनदा. दोनदा फाडले.” त्या दोन वेळी काय निघाले, ते मात्र त्यांनी सांगितले नाही. उठले आणि कपाटाकडे गेले.

कपाटाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात नाणे अडखळले. तीनदा टकटक, तीनदा बद्द. मामांनी बोट ठेवले. दुकानदाराचा चेहरा उतरला. “अंकल, ये हवाई जहाज थोडी है,” तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे अगदीच चूक होते असे मला वाटत नाही. कपाट पडले तर साड्या पडतील, माणूस पडणार नाही. पण त्याने माळ्याकडे तोंड करून हाक मारली, आणि उत्तर प्रदेशातला एक विशी-बाविशीचा कारागीर कानामागे पेन्सिल खोचून खाली आला.

त्याने आधी मालकाकडे पाहिले, मग मामांकडे, मग कोपऱ्याकडे. त्या एका क्षणात त्याची रोजी तराजूत होती, हे न कळण्याइतके आम्ही दुधखुळे नव्हतो. “बाबूजी ठीक कह रहे हैं,” तो हळूच म्हणाला. “शिकंजा जल्दी निकाल दिया था. ग्राहक को देना था.”

दुकानदार काही बोलला नाही. रस्त्यावर नजर लावून उभा राहिला. मग म्हणाला, “खोल दे. फिर से लगा. दो दिन शिकंजे में रहने दे.” आणि आमच्याकडे वळून, “शादी कब है?”

लग्नाला तीन आठवडे होते. मामांनी किंमत कमी करायला सांगितले नाही. मी सांगणार होतो, त्यांनी माझा हात दाबला. चहा आला, दाल-पकवान आले. मामांनी कारागिराला जवळ बसवून रुपयाचे नाणे कसे धरायचे ते दाखविले. बोटात घट्ट नाही, सैल, म्हणजे त्यालाही वाजता येते. उतार तासताना रंध्याचे पाते किती बाहेर काढायचे यावर दोघांत थोडा वाद झाला. त्यात कारागीर जिंकला असावा, कारण मामा “हं” एवढेच म्हणाले, आणि मामांचे “हं” मला लहानपणापासून ठाऊक आहे.

पाच दिवसांनी कपाट पाहायला आम्ही पुन्हा गेलो. मामांनी नाणे काढले, पण वाजविले नाही. कारागिराच्या हातात दिले. त्याने कोपऱ्यावर टकटक केली, कान लावला आणि हसला. मग नाणे परत देण्याऐवजी तो शेजारच्या पलंगाकडे वळला, तिथे वाजविले, पुढच्या कपाटाकडे गेला, तिथे वाजविले, आणि तिसऱ्या कपाटापाशी थांबून त्याने पुन्हा एकदा वाजवून पाहिले.

“अरे बस कर भाई,” दुकानदार गल्ल्यावरून ओरडला, “ग्राहक खड़े हैं!”